चांपो

आर्णीतलं कुठलंही रडणारं पोर दवाखान्याच्या नर्सबाईंनी हातात घेतलं की शांत व्हायचं. पण बाईंना कुणी हात लावत नसे. बाळंतीण सुटली की त्यांना ओसरीवर चहा मिळायचा, आणि त्या वळल्या की विटाळ म्हणून मागे पाणी शिंपडलं जायचं. त्यांना ते ऐकू येई. मान न वळवता म्हणत, "सडा झाला का? बरं झालं, धूळ बसेल."

त्या कोकणातल्या, एकट्याच राहत. मी शेजारच्या घरची नवी सून. कुणाशी बोलायला माझी जीभच उचलत नसे. दुपारी सासू झोपली की मी त्यांच्या खोलीवर जाऊन बसे. एकदा त्यांचं डोकं फार दुखत होतं. मी न विचारताच मागे बसून चेपू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "वर्षं झाली गं, कुणी हात लावून."

त्यांच्या फळीवर नागपूरहून आणलेली एक बाटली होती. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी अक्षर येत नव्हतं. मी विचारलं, "बाई, हे काय होय?"

"शांपू. केस धुवायचा."

नागपूरला शिकताना त्यांच्या गोऱ्या मेट्रननं त्यांना सांगितलं होतं की हा शब्द इंग्रजांनी इथूनच नेला. हिंदीतलं चांपो, म्हणजे दाबा, चेपा. साहेब लोक इथे अंग चेपून घेत. त्यावरून इंग्रजीत शांपू करणं हे क्रियापद झालं. आधी त्याचा अर्थ अंग रगडणं असाच होता, केस धुणं पुढे आलं.

"तिकडे जाऊन चेपणं गेलं, धुणं तेवढं उरलं," बाई म्हणाल्या. मग हसल्या. "माझ्यासारखंच की."

त्यानंतर डोकं दुखलं की त्या नुसतं "चांपो" म्हणत आणि मला हसू येई. त्या गावात मी हसायची ती तेवढीच.

सासूला कळलं. म्हणाली, "तिच्या घरी कायले जातं वं? जाशीन तर आंगोळ करूनच घरात ये." मी जात राहिले आणि आंघोळही करत राहिले.

मग बाईंची मुकुटबनला बदली झाली. त्या निघाल्या त्या दिवशी मी सासूबरोबर बाजारात होते. स्टँडवर त्या एसटीत बसलेल्या दिसल्या. त्यांनी एकदा सासूकडे बघितलं. मग कपाळ खिडकीच्या गजांना टेकवलं. मी गजांतून उजवा हात घातला आणि गाडी हलेपर्यंत ते चेपत राहिले.

 घरी आल्यावर सासूने अंगणात बादली भरून ठेवली. मी मुकाट्याने आंघोळ केली. उजवा हात तेवढा लांब, कोरडा धरला होता.