आमेन होईपर्यंत

त्या आठवड्यात आमची नुसती या बेटावरून त्या बेटावर वरात चालली होती. हे निवृत्त पाळक. सगळी हयात नगरकडच्या खेड्यांतल्या मंडळ्या सांभाळण्यात गेली, आधी सायकलवर आणि मग एका खटारा स्कूटरवर. दुबईत ऊद मेथाला लेकीकडे आम्ही आलो ते नातीला सांभाळायला. पण इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला कळलं की घरबसल्या मराठी पाळक आलाय, आणि मग कसली नात आणि कसला आराम! निवृत्तीनंतर ह्यांना जेवढं काम लागलं तेवढं नोकरीत असताना लागलं नव्हतं. ह्यांना ते आवडायचं. मला पण आवडायचं, मी फक्त कबूल करत नव्हते.

आम्ही जायचो ते आपल्याच माणसांकडे, बोलावलं तर. परक्याच्या दारात धर्म घेऊन जायचं नाही, हा इथला कायदा आहे आणि मला विचाराल तर शहाणपणही. आपलीच माणसं एवढी पसरली आहेत की त्यांना पुरेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो.

सोमवारी अबू धाबीच्या रीम बेटावर एका जोडप्याच्या नव्या फ्लॅटची प्रार्थना होती. फ्लॅट इतका उंचावर की लिफ्टमध्ये माझ्या कानांत दडे बसले. ह्यांनी त्या घराच्या स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत एकेका खोलीसाठी वेगळी प्रार्थना केली, तोवर इकडे पुलाव गार झाला. मंगळवारी पाम जुमेराला एका बाळाचा पहिला वाढदिवस. तिथे जाताना मी नातीला म्हटलं, बघ, आजी-आजोबा बेटाबेटांवर फिरतात. ती मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, इट्स नॉट अ रियल आयलंड. दे जस्ट पुट सँड." तिचं बरोबरच होतं. पूल ओलांडून गाडी थेट दारात जाते, त्याला बेट कसलं म्हणायचं? पण ह्यांच्या तोंडावर बोलायची सोय नव्हती. समुद्र ओलांडून सेवेला जायचं हे त्यांचं तरुणपणीचं स्वप्न. ते सत्तरीत पुरं होत होतं, मग वाळू कोणी का टाकलेली असेना.

गुरुवारी आम्ही पार रास अल खैमाला, मरजान बेटावर होतो. तिथल्या एका हॉटेलात आपली चार-पाच मुलं कामाला आहेत, त्यांच्या खोलीवर बसलो होतो. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. डेल्मावरून होता.

डेल्मा हे मात्र खरं बेट. अबू धाबीच्या पश्चिमेला पार टोकाशी जबल धन्ना आहे, तिथल्या धक्क्यावरून बोटीने जावं लागतं. तिथे आमच्याच तालुक्यातला एक माणूस खजुराच्या बागेत कामाला आहे. चाळिशीचा, हसतमुख, बोलायला फटकळ. नाताळात एकदा चर्चच्या आवारात भेटला आणि तेव्हापासून दर रविवारी फोन करायचा. फोनवरच प्रार्थना करून घ्यायचा आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकायचा, "पाळकसाहेब, समद्या बेटांवर जाता, आमच्या बेटानं काय घोडं मारलंय?" हे म्हणायचे, येणार, इन्शाल्ला येणार. आणि आमचं जाणं राहून जायचं. ते लांब, तिथे तो एकटाच, आणि इकडे तर रोज कोणी ना कोणी बोलावणारं.

त्या दिवशी तो हसला नाही. त्याची आई गेली होती. पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी कंपनीकडे होता, आणि असता तरी बोट, रस्ता, विमान धरून तो गावी वेळेवर पोचलाच नसता. शुक्रवारी चार वाजता दफन होतं, म्हणजे इथले अडीच. गावच्या कबरस्तानात मोबाईलला रेंज नाही, तेव्हा दिसायचंही काही नव्हतं. भावाने त्याला सांगितलं होतं, आम्ही इकडे माती देऊ तेव्हा तू तिकडे दे. मूठमाती ही मुलाने द्यायची. नाही दिली तर आयुष्यभर हाताला चुटपुट राहते.

"माती मी देतो, पाळकसाहेब," तो म्हणाला, "पर शेजारी कोणतरी आपलं पाहिजे ओ. एकट्यानं कशी टाकू? इथं माझी भाषा कळणारं पण कोण नाय."

हे म्हणाले, "मी येतो." इन्शाल्ला नाही, नुसतं येतो. मला त्यांचा अभिमान वाटला.

शुक्रवारी लेकीने सुट्टी टाकली. दुबई मरीनाजवळ तिचं ऑफिस, शुक्रवारी तिची कसलीशी मोठी मीटिंग होती. ती म्हणाली, "बॉसला सांगितलं फॅमिली इमर्जन्सी. खोटं थोडीच आहे? यल्ला, बसा दोघं." पहाटे निघालो. वाटेत मागे बसून हे मनाशी शब्द जुळवत होते. मी डब्यात शेवभाजी आणि चपात्या घेतल्या होत्या, तो नको म्हणेल हे माहीत असूनही. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायची आपल्यात पद्धत नाही.

बोटीला भरपूर वेळ असताना आम्ही जबल धन्नाला पोचलो. तिकिटं काढली. गाडी इथेच ठेवून पायी बोटीवर चढायचं होतं. बोट समोर उभी होती, माणसं अजून चढत होती. बाहेर ऊन मरणाचं. हे म्हणाले, "गाडीतच जरा प्रार्थना करू आणि मग उतरू." आम्ही काचा वर केल्या, एसी चालू ठेवला आणि डोळे मिटले.

आता ही गोष्ट घरात पाळक नसलेल्यांना समजावून सांगणं कठीण आहे. आमच्याकडे प्रार्थनेत आमेनच्या आधी डोळे उघडत नाहीत. लहानपणी उघडले असतील तर आईचा चिमटा बसलेला असतो. लेकीला तो माझाच बसलाय. हे त्या माउलीसाठी बोलू लागले, मग मुलासाठी, मग त्याच्या भावंडांसाठी, मग समुद्रावर असणाऱ्या सगळ्यांसाठी, मग घरापासून लांब मरणाऱ्यांसाठी. मनापासून बोलत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मध्येच भोंगा वाजला. तो मी ऐकला, लेकीने ऐकला, ह्यांनीही ऐकला असणार, कारण आवाज जरा चढवला. तिघांनाही वाटलं, आता आमेन होईलच.

आमेन झालं तेव्हा बोट धक्क्यापासून सुटून चांगली आत गेली होती.

लेक चप्पल हातात घेऊन पळाली. मी गाडीपाशी उभी राहून नुसती हात हलवत होते, जशी काही ती एसटी होती. धक्क्यावरचा माणूस दिलगिरीच्या सुरात म्हणाला, "खलास, मॅडम. अब शाम को है." संध्याकाळी, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर.

मी ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या गाडीतलं पाकिस्तानी कुटुंब काच खाली करून बघत होतं, तरी मी थांबले नाही. त्याने आयुष्यात एक गोष्ट मागितली, एक, आणि आपण धक्क्यावर बसून त्याच्यासाठी प्रार्थना करत राहिलो! हे बॉनेटला टेकून उभे होते, बॉनेट तापलेलं होतं तरी. मग लेक म्हणाली, "मम्मी, बस. पप्पांना अजून फोनवरून दफनाची सर्व्हिस घ्यायचीय." तेव्हा मी गप्प बसले.

ह्यांनीच त्याला फोन केला. सबब सांगितली नाही. "माझी प्रार्थना लांबली आणि बोट गेली. माझी चूक झाली," एवढंच म्हणाले. तो तिकडे आमची वाट बघत बोटीच्या धक्क्यावर उभा होता. मग म्हणाला, "बरं. मी बागेत जातो मग. खड्डा काढून ठेवलाय खजुराखाली. वाळू नको म्हटलं आईवर, बुंध्याजवळची चांगली माती घेतलीय."

अडीचला आम्ही तिघं गाडीत बसलो. फोन मधोमध ठेवला, आवाज मोठा केला. समोर नुसता समुद्र होता, त्यात बेट काही दिसत नव्हतं. ह्यांनी पवित्र शास्त्रातला भाग वाचला. मग प्रार्थनेला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत आमेन म्हणून मोकळे झाले. चाळीस वर्षांत मी ह्यांची इतकी छोटी प्रार्थना ऐकली नव्हती. ह्यांच्याकडे बघवेना. माझ्या तोंडाळपणाने ह्यांच्या तोंडचे शब्द काढून घेतले होते.

"झाली?" तो म्हणाला.

"झाली, बाळा," हे म्हणाले.

"पाळकसाहेब, आमच्या आईला लांब प्रार्थना लागायची. कोणी छोटी केली का म्हणायची, ह्याला जेवायची घाई झाली वाटतं." मग म्हणाला, "मोठी करा ना. मला कुठं जायचंय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांचा हात धरला आणि डोळे मिटले.

मग हे बोलू लागले. तिच्या शेळ्यांबद्दल बोलले, ज्या त्याने फोनवर कधी सांगितल्या होत्या आणि माझ्या लक्षातही नव्हत्या. तिने दुसऱ्यांच्या शेतात खुरपलेल्या रोपांबद्दल, चर्चमध्ये तिच्या मोडक्या आवाजातल्या गाण्याबद्दल, मुलगा परदेशी निघाला तेव्हा बस दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभी राहिल्याबद्दल. तो मध्ये मध्ये हो म्हणत होता, आधी हळू आणि मग हुंदके देत. गावी आता लोक घरी परतलेही असतील, असं मला वाटून गेलं. इथे कोणालाच घाई नव्हती.

आमेन झालं.

"मूठ भरलेलीच हाये अजून," तो म्हणाला. "सोडू का आता?"

ह्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मी म्हणाले, "सोड, बाळा."

"सोडतो, बाई. पर तुम्ही फोन ठेवू नका."

आम्ही ठेवला नाही.