वासराच्या वाट्याचं

खरं सांगायचं तर यंदा वसुबारस करायचीच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. चैत्रात आमचे हे गेले, तेव्हापासून देवघरातला दिवा मी लावलेला नव्हता. देवावर रागावले होते म्हणावं, तर तेही नाही. रागवायलासुद्धा समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं ना! मला तिथे कोणी आहे असंच वाटेनासं झालं होतं. सकाळी उठायचं, केर काढायचा आणि देवघरासमोरून जाताना नजर दुसरीकडे करायची, एवढंच चाललं होतं.

आमच्या महाल भागात दरवर्षी वसुबारसेला संध्याकाळी गवळी गाय-वासरू घेऊन गल्लीत यायचा. पूजा मी करायची आणि वासरू यांनी धरून ठेवायचं, कारण ते सारखं आईकडे ओढ घ्यायचं. हे आपल्या खांद्यावरच्या पंच्याने त्याचं अंग पुसत बसायचे आणि त्याच्याशी काहीबाही बोलत राहायचे. त्या दिवशी आम्ही बायका दूध, दही, तूप, काही म्हणजे काही तोंडात घालत नाही. लहानपणी आईला विचारलं होतं, असं का? ती म्हणाली होती, आजचं दूध वासराच्या वाट्याचं. पुढे काही विचारायचं मला सुचलं नाही. उरलेल्या दिवसांचं कोणाच्या वाट्याचं, हे इतकी वर्षं मनातही आलं नाही.

तर यंदा माझी नणंद कुसुम दोन दिवस आधीच येऊन बसली. ती दोन गल्ल्या सोडून राहते. बोलण्यात तिचा हात कोणी धरत नाही.

"काहून वं वहिनी, दादा गेला म्हणून परगावी असलेलं तुहं पोरगंबी गेलं का? त्याच्यासाठी तरी पूजा कर. लेकराबाळांचीच तर असते वसुबारस."

तिच्यासाठी म्हणून मी गवळ्याला फोन केला. तो म्हणाला, "आजी, गाय आणतो. वासरू नाही. नर झाला होता, गोऱ्हा. ठेवला नाही."

"ठेवला नाही म्हणजे?"

गाय किती वाजता आणू, एवढंच त्याने विचारलं. मी फोन ठेवून दिला. वासराशिवाय वसुबारस कसली? माझ्या मनात आलं, बरं झालं, सुटले. पण कुसुम कुठली सोडते! पारशिवनीच्या वाटेवर कोणी रेखाताई सोडवून आणलेली जनावरं सांभाळतात, तिथे गायवासरं असतील, असं तिने कुठून तरी काढलं आणि वसुबारसेच्या दुपारी मला ऑटोत घातलं. पूजेचं ताट बांधायला हाताशी फडकं नव्हतं, म्हणून यांचा पंचा घेतला. धुऊन घडी करून कपाटात ठेवला होता, तोच.

फाटकावर पाटी होती, 'इथे कोणाचंही दूध काढलं जात नाही.' आत शेळ्या, कोंबड्या, एका डोळ्याने आंधळा म्हातारा बैल, आणि चिखलात पसरलेलं एक भलंमोठं डुक्कर. कुसुम त्याच्याकडे बघून म्हणाली, "पाय बाप्पा, किती आरामात पडून राहिलं! माह्या सासरी मले इतकं सुख नाही भेटलं." रेखाताई हसत पुढे आल्या. पन्नाशीच्या असतील. कुसुमने मोठ्या प्रेमाने त्यांच्या हातात पुडा ठेवला. पेढ्यांचा!

रेखाताई म्हणाल्या, "मावशी, आज तुमचाच दुधाचा उपास, अन् पेढे गाईच्या दारात?"

कुसुमने जीभ चावली. तिने पुडा परत घेऊन पिशवीच्या तळाशी दडवला.

मी विचारलं, गाय-वासरू कुठे आहे? तशी रेखाताईंचं तोंड उतरलं. गाय होती आणि वासरूही होतं, पण एकमेकांचं कोणी नव्हतं. गाईचं वासरू मेलं होतं. मालकाने त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं केलं, म्हणजे ती धार देईल. तिने ते हुंगलं आणि त्या दिवसापासून लाथा झाडायला लागली. म्हणून विकायला काढली, तेव्हा रेखाताईंनी सोडवून आणली. वासरू रस्त्याच्या कडेला सापडलं होतं, चारपाच दिवसांचा गोऱ्हा. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायचा. डॉक्टर सलाईन लावून गेले होते, पण स्वतःहून प्यायला लागला नाही तर वाचणार नाही, असं सांगून गेले होते. गाईजवळ नेलं, तर तिने शिंगं रोखली.

"काकू, हे वासरू रात्र काढते का नाही, काही सांगता येत नाही," रेखाताई म्हणाल्या.

आता आलोच आहोत तर पूजा करू, म्हणून मी गाईच्या पायांवर पाणी घातलं. ती शहारली. माझा हात आपोआप पंच्याकडे गेला आणि मी तिची मान, पाठ, कास पुसून काढली. तिने पुसू दिली. मग गोणपाटावर पडलेल्या त्या गोऱ्ह्याजवळ गेले. हे पुसायचे तसंच त्याच पंच्याने त्याचं अंग, डोकं, तोंड पुसलं. इवलासा जीव, हाताला नुसती हाडं लागत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी देवाशी बोलले. म्हटलं, माझं काही मागणं नाही. तू असशील, नसशील, याला पिऊ दे.

आणि मागून गाय हंबरली.

"काकू, बाजूला व्हा!" रेखाताई ओरडल्या. मी उठेपर्यंत ती आलीच. मान खाली घालून तिने त्याला हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग तिने जीभ काढली आणि त्याला चाटायला लागली. कपाळ, कान, पाठ. मी तिच्या कासेकडे पाहिलं, तर कोणी हात न लावता थेंब थेंब दूध मातीत पडत होतं. गोऱ्हा उठला, गुडघ्यांवर पडला, परत उठला. आणि लागला! शेपटी हलवत चुटूचुटू प्यायला लागला. उन्हं उतरली होती, गोठ्याची धूळ सोनेरी झाली होती. कुसुमने माझा दंड धरला होता.

रेखाताई डोळे पुसत म्हणाल्या, "पंच्यातून तिचा वास त्याले लागला असंन."

असेल. मी वाद घालत नाही. पण तो पंचा हाताशी कोणी ठेवला आणि तो फिरवायची बुद्धी कोणी दिली, हे मला आजही सांगता येत नाही. सांगता येत नाही, याचंच बरं वाटतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी दिवा लावला. नैवेद्याला दूध ठेवायला गेले आणि हात थांबला. गूळ ठेवला. वसुबारसेपुरतं सोडलेलं दूध मग सुटलं ते सुटलंच. चहा आल्याचा, कोरा. महादेवाच्या पिंडीवर नुसतं पाणी. कुसुम येईल त्याला सांगत सुटते, "आमच्या वहिनीच्या घरी रोजच वसुबारस हाय!" अन् स्वतः मात्र तोच कोरा चहा दोनदा मागून घेते.

जन्मभर मी देवापुढे ओंजळ पसरून उभी राहिले. त्या दिवशी हातात पंचा होता, ओंजळ पसरायला जागाच नव्हती, आणि तेव्हाच मला मिळालं. मधून मधून आम्ही दोघी तिकडे जातो. गोऱ्हा आता आईच्या पोटाला लागला आहे उंचीने. पंचा मी परत कपाटात ठेवला नाही. तो तिथेच गोठ्याच्या दांडीवर असतो, गेले की त्याने गोऱ्ह्याचं अंग पुसते. यांच्यासारखंच मीही त्याच्याशी काहीबाही बोलत असते, आणि कोणीतरी ऐकतंय असं वाटत राहतं.