टाकीपलीकडचं विमान

कोपरला आमच्या शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक मावशी रोज दुपारी अँटेनाचा बांबू इकडून तिकडे हलवायच्या. पदर खोचायचा, सुतळी दातात धरायची, बांबू बांधायचा आणि अँटेना पकडेल त्या विमानांचे ठिपके लॅपटॉपवर बघत बसायचं. नाव मी कधी विचारलं नाही.

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा. गप्प बसवेना. एकदा आमच्या गच्चीच्या कठड्यावरून म्हटलं, "मावशी, विमानं मोबाईलवर फुकट दिसतात की!"

"ती सगळ्या जगाला दिसतात रे. माझी लेक विमानात नोकरीला आहे. तिचं विमान मला माझ्या अँटेनाने पकडायचंय. पण पूर्वेला वळलं की मेलं गायब!"

त्यांच्या गच्चीवर पूर्वेला पाण्याची टाकी होती. "टाकी सिग्नल अडवतेय. अँटेना टाकीच्या वर न्या. थांबा, मीच येतो."

"तू फक्त सांग, हात लावू नको. उद्या वाऱ्याने बांबू पडला तर मलाच उभा करायचाय."

राग नाही आला. मीही असाच, स्वतःच्या हाताने करून शिकलेलो.

मावशींनी एकटीने बांबूला बांबू जोडला आणि टाकीच्या शिडीला आवळला. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचं विमान पूर्वेला वळलं. ठिपका विझला नाही, पुढे सरकत राहिला.

"जा गं बाय," मावशी स्क्रीनला म्हणाल्या, "आता जा खुशाल लांब."