मेलेल्याने बोलायचं नाही

वहिनीचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. मशीनवर एका टेंपोचं सीटकव्हर होतं, एका बाजूची शिवण मारून झाली होती. "वन्सं, हे गेले," एवढंच ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल, तर "आज? सराव तर मार्चात असतो ना गं?" पलीकडे ती हमसून रडायला लागली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला... दादा खरंच गेला होता. कर्जतला भिसेगावच्या घरी, अंघोळ आटोपून, चहाची वाट बघत बसल्या जागी. आज सात आठवडे झाले. मी तसं का बोलले, याची लाज अजून जात नाही. सांगून टाकली तर थोडी हलकी होईल, म्हणून लिहायला बसले आहे.

दादा म्हणजे मधुकर, माझा थोरला भाऊ. रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात त्याने सेफ्टी खात्यात उभी नोकरी काढली. खोटी आग, खोटी गळती, स्ट्रेचरवर खोटे जखमी, आणि कोण किती मिनिटांत कुठे पोचला याची नोंद करत हा वही घेऊन उभा. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. वहिनीने नवा गॅस आणला की हा विचारणार, "समज, आत्ता वास आला. काय करशील?" ती म्हणायची, "तुमाला घराबाहेर काढीन." अशा माणसाने उतारवयात क्रिप्टोच्या नादी लागावं, याचं आम्हाला नवल वाटलं होतं. पण त्याच्या पद्धतीनेच तो लागला. किंमत वर गेली की खाली आली, यात त्याला फारसा रस नव्हता. हे सांभाळायचं कसं, याने मात्र त्याला झपाटलं.

मला त्याने समजावलं ते असं. ही नाणी बँकेत नसतात. शाखा नाही, मॅनेजर नाही, ज्याच्यापुढे जाऊन रडावं असं कुणीच नाही. पेनड्राइव्हएवढं एक यंत्र असतं, त्याला तो पाकीट म्हणायचा. यंत्र जळलं, हरवलं तरी बिघडत नाही. पहिल्या दिवशी मिळालेले चोवीस इंग्रजी शब्द त्याच क्रमाने नव्या यंत्रात भरले की सगळं परत येतं. शब्द हरवले तर मात्र सगळं गेलं, आणि दुसऱ्याच्या हाती लागले तर सगळं त्याचं झालं. म्हणून फोनमध्ये फोटो काढायचा नाही, कुणाला पाठवायचे नाहीत, कॉम्प्युटरवर कुठे टाइप करायचे नाहीत. कागदाला आमच्याकडच्या ओलीत बुरशी धरते, नाहीतर वाळवी लागते. कारखान्यात प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर ठोकलेला स्टीलचा गोल बिल्ला लटकवतात, तसे कोरे बिल्ले दादाने बाजारातून आणले आणि मागच्या अंगणात बसून एकेका बिल्ल्यावर एकेक शब्द हातोडीने ठोकला. चोवीस बिल्ले तारेत ओवले. असे दोन जुडगे केले. एक भिसेगावला कपाटात, दुसरा चौक गावात माझ्या सीटकव्हरच्या दुकानात, रिळांच्या डब्याच्या तळाशी. एका घराला आग लागली तर दुसरं घर आहे ना, हा हिशेब. दादा-वहिनीला मूलबाळ नाही, तेव्हा त्याच्यामागे हे सगळं वहिनीचं.

"बॅकअप घेतला म्हंजे झालं नाय गं शके," तो म्हणाला. "परत उभा करून बघितला तर तो बॅकअप. आनि मीच उभा केला तर त्यात काय? मी मेल्यावर जमाय पायजे." आधी त्याने वहिनीलाच बसवलं होतं. ती तडक उठली. "कपाळाला कुंकू हाय तवर असले खेळ मला सांगू नका." मग माझ्यावर पाळी आली. मी एकटी, लग्न केलं नाही, मला कुठला अपशकुन व्हायचा राहिला होता!

दरवर्षी मार्चातल्या एका रविवारी मी सरावासाठी कर्जतला जायची. यंत्र उघडायला एक गुप्त आकडा लागतो; दादा मुद्दाम तीनदा चुकीचा आकडा दाबायचा, की यंत्र स्वतःला कोरं करून टाकायचं. मग "मेलो मी" असं जाहीर करून तो खिडकीपाशी खुर्चीत बसायचा. त्याने लिहून ठेवलेला सूचनांचा कागद घेऊन मी कामाला लागायचं. मी काही विचारलं तरी उत्तर नाही. मेलेल्याने बोलायचं नाही, हा नियम. मी अडले की वहीत टिपण करायचा, बस्स. पहिल्याच वर्षी मी घोटाळा केला. वाचायला सोपं पडावं म्हणून तारेची गाठ सोडून बिल्ले टेबलावर ओतले. त्यांवर नंबर नव्हते. तारेतला क्रम हाच क्रम, आणि तो मी मोडला होता. यंत्रही कोरं. मी दादाकडे बघितलं. मेलेला माणूस पांढराफटक पडला होता. पाच मिनिटं तो तसाच बसला, मग उठून चपला घातल्या. माझ्याकडच्या जुडग्यासाठी आम्ही स्कूटरवरून चौक गाठलं. वाटेत माझा जीव अर्धा झाला होता. "आरं बोल की रं काईतरी," मी म्हटलं. तर पुढून आवाज आला, "मेलोय ना मी."

पुढच्या आठवड्यात दोन्ही जुडग्यांवर नंबर ठोकले गेले. दुसऱ्या वर्षी मी त्याचं मुंगीएवढं अक्षर वाचताना अडले, त्याने कागद मोठ्या अक्षरात लिहिला. नंतर एकदा यंत्राची वायर सापडेना, ती तोच फोन चार्ज करायला वापरत होता. वायर कागदाबरोबर लिफाफ्यात गेली. आणि एका वर्षी मी निम्म्यात असताना माझा फोन वाजला. कुणी हिंदीत सांगत होता, कंपनीतून बोलतोय, तुमचं पाकीट बंद पडतंय, लवकर शब्द सांगा. मी घाबरून पहिला शब्द सांगितला, दुसरा सांगितला... आणि स्वयंपाकघरातून वहिनीच्या हसण्याचा आवाज आला. मागे बघते तर खुर्ची रिकामी. दादा परसात उभा राहून शेजाऱ्याच्या फोनवरून नाक दाबून बोलत होता. आत आला तेव्हा हसत नव्हता. "शके, दोन शब्द दिलंस. आता मी खरंच मेलो." मी त्याला वाट्टेल ते बोलले. पण त्यानंतर फोनवर कुणी काही विचारलं की माझं तोंड आपोआप मिटतं.

तेव्हा मला हा सगळा वेडेपणा वाटायचा, मी तसं तोंडावर म्हणायचीही. आता वाटतं, दीड-दोन तास माझ्या हातांकडे एवढं लक्ष देऊन दुसरं कुणी कधी बघत बसलं नव्हतं. गिऱ्हाईक शिवण बघतं, माझ्याकडे कुणी बघत नाही. दादा बघायचा, आणि मी कुठे गोंधळते ते लिहून ठेवायचा.

तेरावं झाल्यावर खरी वेळ आली. यंत्राचा आकडा दादाने मुद्दामच कुणाला सांगितला नव्हता, त्यामुळे ते कोरं करूनच सुरुवात करायची होती. वहिनी पदर खांद्यावर घेऊन दारात बसली. तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या तारेत होतं आणि मला ते बाहेर काढायचं होतं. कागदावर सगळं होतं. चष्मा लाव. वायर लिफाफ्यात आहे. गाठ सोडू नकोस. प्रत्येक सूचनेमागे माझी एकेक चूक होती. एकविसाव्या शब्दाला एक अक्षर धूसर दिसलं आणि सवयीने मी खिडकीकडे मान वळवली. तो तसाही बोलला नसताच. फरक काय पडला, ते मला सांगता येत नाही... पण फार पडला. अर्ध्या तासात सगळं परत आलं. "आलं का?" वहिनीने विचारलं. "आलं," मी म्हटलं, आणि दोघी रडलो. तिला ते तसं ठेवायचं नव्हतं. रीतसर मोडून तिने आता बँकेत टाकलं आहे. दादाला हे आवडलं नसतं, पण पैसे तिचे आहेत.

माझंही एक छोटं पाकीट आहे, हे सांगायचं राहिलं. दादानेच घेऊन दिलं, बिल्लेही त्यानेच ठोकले. मार्चातल्या त्याच रविवारी दुपारी चौकला माझा सराव व्हायचा. मी स्टुलावर मेलेली, आणि दादा माझा कागद घेऊन "शके, हितं काय लिवलंयस गं" असं पुटपुटत बसलेला. गेल्या आठवड्यात मी वहिनीला विचारलं, एक रविवार येशील का? "नको वन्सं," ती म्हणाली. "खरं बघितलं. आता खोटं बी नाय बघवनार." शेजारचा टायरवाला भला माणूस आहे, पण चोवीस शब्द त्याच्या हातात कसे देऊ?

मग परवाच्या रविवारी दुकान बंद ठेवलं. तीनदा चुकीचा आकडा दाबून यंत्र कोरं केलं. "मेले मी," असं मोठ्याने म्हणाले. जरा वेळ स्टुलावर बसून राहिले, आणि मग उठून टेबलापाशी आले, कारण कागद वाचायला दुसरं कुणी नव्हतं. वायर घेतली, चष्मा लावला, एकेक शब्द भरत गेले. वीस मिनिटांत सगळं परत आलं. शेवटी वही उघडली आणि दादा लिहायचा तसं लिहायला घेतलं, शकू कुठे अडली. लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. मी कुठेच अडले नाही. कागद माझाच, तो वाचणारीही मीच.