आर्नल्ड स्पिंकचा काळा धागा

"माणसाला दुसरी संधी द्यावी, दांडीला देऊ नये," असं आर्नल्ड स्पिंक एकदा ऑकरशॉ गावच्या खाटकाला म्हणाला होता. त्या वेळी खाटकाचं छंदाचं छोटं विमान मेथडिस्ट पाद्र्याच्या खुराड्यात पडलेलं होतं, आणि पाद्री कोंबड्या मोजत होता.

ऑकरशॉत त्यानंतर कुणी विमान हाकायच्या दांडीला दुसरी संधी दिली नाही. निदान आर्नल्डच्या देखत नाही.

चाळीस वर्षं तो लोकरीच्या गिरणीत माग दुरुस्त करायचा. त्या खडखडाटात त्याचे कान गेले. तिथल्या सगळ्यांचेच जात. माणसं एकमेकांचे ओठ वाचायची आणि मागाचा बिघाड तळहातानं ओळखायची. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, पण आर्नल्डच्या तळहाताला ते कुणी कळवलं नाही. टेकडीवरच्या विमानवाल्यांच्या क्लबात तो आला तेव्हा त्या हाताला पुन्हा काम मिळालं.

दर फेब्रुवारीत क्लबाच्या हॉलमध्ये जुन्या सामानाचा बाजार भरतो. पंख, पंखे, इंजिनं, आणि विमानं जमिनीवरून चालवायचे ट्रान्समीटर. आता ट्रान्समीटर घ्यायचा म्हणजे चालू करून बघायला हवा. पण ऑकरशॉत तो चालू करता येत नाही. हॉलच्या मागेच उडवायचं मैदान आहे. एका नंबरवर, म्हणजे एकाच रेडिओलहरीवर, दोन ट्रान्समीटर चालू झाले की आकाशातलं विमान दगडासारखं खाली येतं. म्हणून मैदानाच्या दाराशी एक फळा आहे आणि त्यावर नंबर लिहिलेले कपड्यांचे लाकडी चिमटे. तुमच्या नंबरचा चिमटा कोटाला लावल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. बाजाराच्या दिवशी चिमटे उडवणाऱ्यांकडे असतात. खाटकाचं विमान पडलं ते असंच, हॉलमध्ये कुणीतरी 'जरा बघतो' म्हणून बटण दाबलं म्हणून. दोष मात्र आर्नल्डनं खाटकाच्या सैल दांडीलाही दिला होता.

तेव्हापासून बाजारातला प्रत्येक ट्रान्समीटर बंद असतानाच आर्नल्डपुढे यायचा. तो डोळे मिटायचा. खोका जबड्याच्या हाडाला टेकवायचा, कारण त्याचं जे काही ऐकणं उरलं होतं ते तिथे होतं. मग अंगठ्यानं एकेक दांडी कडेला नेऊन हळूच मधे आणायचा. दांडीच्या बुडाशी एक चकती असते, ती वर्षानुवर्षं घासून झिजते, आणि झिजली की विमानाची शेपटी आपोआप थरथरते. ती झीज आर्नल्डच्या अंगठ्याला बारीक दाण्यासारखी लागायची. मग खिशातून गिरणीतला धागा निघायचा. चांगल्याला पांढरा, वाईटाला काळा. एरिअलला विणकराची गाठ. काळ्या धाग्याचा ट्रान्समीटर तीन खोऱ्यांत कुणी घेत नसे.

त्या वर्षी एनिड क्रॉथर त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. पूर्वी ती टपाल वाटायची. आता साठी ओलांडलेली. तिच्या नवऱ्यानं, सिरिलनं, चार हिवाळे खपून एक ग्लायडर बांधलं होतं, माणसापेक्षा लांब पंखांचं. ते एकदाही न उडवता सिरिल शरद ऋतूत गेला. त्याचा ट्रान्समीटर गॅरेजच्या ओलीनं गंजला होता. मार्चच्या पहिल्या रविवारी, त्याच्या वाढदिवशी, ते कड्यावरून सोडायचं असं तिनं ठरवलं होतं. तिला एवढंच हवं होतं: भरवशाची एक दांडी. विमान पडलं तर दुसरं बांधणारं घरात कुणी नव्हतं.

उडवायला तिला आर्नल्डनंच शिकवलं होतं. दोन उन्हाळे तो तिच्या मागे उभा राहून, विमान उतरताना फक्त "थांब... थांब... आता," एवढंच म्हणायचा.

सकाळपासून आर्नल्डनं चार ट्रान्समीटर बघितले होते आणि चारांनाही काळा धागा बांधला होता. लोक म्हणत होते, यंदा मालच भिकार आलाय. मग हॉरेस पिकल्स आला. हॉरेस नळदुरुस्तीवाला, तोंडाचा फटकळ, पण वस्तूंना जिवापाड जपणारा. त्यानं आपला ट्रान्समीटर टॉवेलात गुंडाळून आणला होता, आंघोळ घातलेल्या बाळासारखा. एनिडला तो बघताच आवडला.

आर्नल्डनं तो जबड्याला लावला. डावी दांडी, उजवी दांडी. पुन्हा उजवी. बराच वेळ.

"मधोमध दाणा लागतोय," तो म्हणाला आणि काळा धागा काढला.

हॉरेस त्याच्या समोर जाऊन उभा राहिला, ओठ दिसावेत म्हणून. "दाणा तुझ्या डोक्यात आहे, म्हाताऱ्या. आठ उन्हाळे उडवलाय मी हा. बायकोला हात लावू दिला नाही."

"तिनं लावला असता तर बरा राहिला असता."

आजूबाजूचे हसले. हॉरेस हसला नाही. काळा धागा म्हणजे मी हिला फसवायला आलो असंच ना, असं त्यानं विचारलं, आणि गाठ बसेपर्यंत उत्तराची वाट बघितली. मग तो तरातरा फळ्यापाशी गेला, आपल्याच चौऱ्याहत्तर नंबरवर उडवणाऱ्याला विमान खाली उतरवायला लावलं आणि त्याचा चिमटा स्वतःच्या कॉलरला लावून परत आला. इतक्या वर्षांत आर्नल्डचा निकाल पडताळायला कुणी चिमटा आणला नव्हता. मांसाच्या पेस्ट्र्यांच्या टेबलामागची बाईसुद्धा सुरी हातात धरून बघत राहिली.

टेबलावर रिसीव्हर आणि शेपटी हलवणारी छोटी मोटर मांडली. मोटरीच्या टोकाला एक पांढरा काटा होता. आर्नल्डनं उजवी दांडी कडेला नेली, मधे आणली आणि तिथे हलकेच धरली.

काटा थरथरला. अगदी बारीक, पण सगळ्यांना दिसेल असा.

कुणीतरी हळूच हुंकार भरला. हॉरेस टॉवेलाची घडी घालू लागला. त्याचे कान लाल झाले होते. गेल्या रविवारी तर दगडासारखा स्थिर होता, असं तो टॉवेलाला सांगत होता.

एनिड आर्नल्डच्या खांद्याशी बसली होती. बाकीचे काट्याकडे बघत होते, ती अंगठ्याकडे. आधी अंगठा हलत होता, मग काटा. काही महिन्यांपासून आर्नल्ड चहा अर्धा कपच मागायचा. डॉक्टरनं सांगितलं असेल असं ती समजत आली होती; आता कळलं, भरला कप त्याच्या हातात हिंदकळत असणार. तिच्या मनात आलं, गप्प बसावं. हॉरेस चिडेल, चार दिवसांनी विसरेल. दुसरा ट्रान्समीटर मिळेल कुठेतरी. आर्नल्डपाशी काय होतं? एक खोली, एक किटली आणि लोकांनी मानलेला हा अंगठा.

पण दुसरा ट्रान्समीटर तरी तपासणार कोण? हाच अंगठा. ज्याला चांगल्यात दाणा लागतो त्याला खऱ्या-खोट्या दाण्यातला फरक कळेल का? तिला कड्यावरून सुटलेले ते लांब पंख दिसले. आणि समोर हॉरेस खोटा ठरून टॉवेलाची घडी घालत होता.

"आर्नल्ड," ती त्याच्या समोर येऊन म्हणाली, सावकाश, ओठ नीट दिसतील असं, "जरा मला धरू दे."

तिनं दांडी कडेला नेली आणि मधे आणली. काटा मधे येऊन थांबला. तिनं दांडी तशीच धरून ठेवली. काटा हलला नाही.

"धरायची पद्धत वेगळी असते एकेकाची," ती घाईनं म्हणाली. हे तिनं म्हणायला नको होतं.

आर्नल्डनं तिच्याकडे बघितलं नाही. त्यानं अंगठा पुन्हा दांडीवर ठेवला. काटा थरथरला. उचलला, काटा थांबला. ठेवला, थरथरला. कुठल्याही मागाचा बिघाड शोधताना तो असंच करत असणार: एक भाग काढायचा, बघायचं, पुन्हा बसवायचा. शेवटी त्यानं तो हात टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला, दुसऱ्या कुणाचा तरी तिथे राहून गेल्यासारखा.

"मी हाच घेते," एनिड हॉरेसला म्हणाली.

हॉरेसनं मान डोलावली. तो आर्नल्डच्या समोर गेला आणि म्हणाला, "दांडी जुनीच आहे रे. थोडा दाणा असेलही."

आर्नल्डनं ते ओठ वाचले आणि मान हलवली, नाही म्हणून.

मग तो एरिअलवरची गाठ सोडवायला लागला. विणकराची गाठ ताणून तुटत नाही, ती सोडवावीच लागते, आणि तिला फार वेळ लागला. कुणीतरी कात्री पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. एनिडनं एरिअलचं टोक तेवढं हलू नये म्हणून धरून ठेवलं. काळा धागा सुटला. पांढरा काही त्यानं काढला नाही.

उठून तो पुढच्या टेबलाकडे गेला. सकाळचे चार ट्रान्समीटर वेगवेगळ्या टेबलांवर पडून होते. त्यानं एकेकापाशी उभं राहून प्रत्येक गाठ सोडवली. माणसं वाट करून देत होती, बघत नसल्यासारखं करत होती. चौथी सुटली तशी त्यानं टोपी घातली, फळ्याजवळच्या दारानं बाहेर पडला आणि टेकडी उतरू लागला.