बुधाजी आणि पडवीतला ड्रायर

बुधाजी म्हातारा पोराच्या ड्रायरमध्ये लपूनछपून जुनी नाणी टाकतो, अशी कुजबुज त्या श्रावणात नागावात घरोघर फिरली. कशाला टाकतो? तर पोराचे पाहुणे पळावेत म्हणून. ही बातमी पिठाच्या गिरणीवर दळली गेली आणि मासळीवालीच्या टोपलीतून वरच्या आळीला पोचली. तिथे पोचेपर्यंत नाण्यांचे खिळे झाले होते. एकीने तर ती मयत बायकोची जोडवी असल्याचं शपथेवर सांगितलं. तिने ती कधी पाहिली, हे कोणी विचारलं नाही. असल्या गोष्टीत विचारायचं नसतं, चव जाते.

बुधाजी म्हणजे अठ्ठावीस वर्षं आगरदांड्याच्या लाँचवर इंजिन सांभाळलेला माणूस. अंगाने वाळला बोंबील, पण कान असा, की धक्क्यावर पान चघळत दिघीहून येणाऱ्या लाँचचं काय दुखतंय ते सांगावं. मात्र बायकोचं बोलणं या कानाला कधी ऐकू आलं नाही, असं कृष्णाबाई शेवटपर्यंत म्हणायची. ती गेली ती समुद्राकडच्या खोलीत, खिडकीशी. पुढे पोराने, हितेशने, घराचा होमस्टे केला तेव्हा पाहुण्यांना नेमकी तीच खोली आवडली. बुधाजीची खाट मागच्या पडवीत आली. पावसात चादरी वाळेनात म्हणून ड्रायर आला, तोही पडवीतच. दोघांच्या मध्ये हातभर जागा.

आषाढ सरता सरता ड्रायर आधी बारीक कुरकुरला, मग धडधडू लागला. ढब, ढब, ढब, आणि मधूनच एक लांब किंकाळी. पडवीची भिंत समुद्राकडच्या खोलीला लागून. ठाण्याचं एक जोडपं दुसऱ्याच दिवशी बॅगा उचलून चालतं झालं. जाताना मोबाइलवर जे लिहून गेलं ते हितेशने जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. अलिबागचा मेकॅनिक गणपतीनंतर येतो म्हणत होता. हितेश वैतागला.

"रविवारपर्यंत आवाज गेला नाही तर ती खोली पाहुण्यांना द्यायची बंद. बाबा, तू परत तिकडेच झोप."

बुधाजीने मान खाली घालून भात कालवला. हसू लपवायला भात बरा पडतो.

पुढचे तीन दिवस तो गोंगाट त्याने सनईसारखा ऐकला. शेजारचा नामा कुंपणावरून म्हणाला, "बुधादादा, वाजाप जोरात हाय. वरात कंदी?"

"रविवारी. माजी खोली परत गावतेय."

तिथेच चुकलं. नामाच्या पोटात पाणी ठरेल, पण गोष्ट ठरायची नाही. संध्याकाळी गिरणीवर नाणी वाजायला लागली ती अशी.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी सून रुचिका त्याचं ताट झाकून बाजारात गेली आणि ड्रायर चालूच राहिला. बुधाजी ताटावर बसला. पण लाँचवर एक रीत होती: इंजिन रडत असताना घास घ्यायचा नाही. तीन दिवस त्याने ती मोडली होती. आता किंकाळीचा सूर बदलला होता. पट्टा तुटायला आला, हे कानाने सांगितलं, आणि त्याला घास उतरेना.

उठला. पेचकसाचं टोक पत्र्याला लावलं, मूठ कानाला. लाँचवर दुखणं असंच शोधायचे. मग प्लग काढून त्याने मागचा पत्रा उघडला. कपड्यांचं पिंप ज्या दोन छोट्या चाकांवर फिरतं त्यांतलं एक जाम झालं होतं, घासून घासून एका अंगाने चपटं. भोवती चादरींचे तंतू काथ्यासारखे घट्ट बसलेले. त्याने नाकाशी धरलं. खोबरेल.

झोपाळा कुरकुरला की खोबरेल, बिजागरी कुरकुरली की खोबरेल. वाडीतल्या नारळाचं तेल घरात भरपूर. ड्रायर कुरकुरला तेव्हा रुचिकाने तेच केलं होतं.

त्याने चाक रॉकेलने धुऊन कोरडं केलं. खाटेखालच्या पेटीत लाँचच्या इंजिनाच्या रबरी पाइपाचा एक तुकडा होता. निवृत्त होताना आठवण म्हणून आणलेली तेवढीच वस्तू. त्यातून बोटभर कडी कापली. कडी हातात धरून तो थांबला. समोर भिंत, भिंतीपलीकडे ती खिडकी. परवा रविवार.

मग त्याने कडी चाकावर चढवली. ड्रायर सुरू केला तर आत चादरींची सळसळ तेवढी. गार भात त्याने बोटं चाटून खाल्ला.

रात्री जेवताना हितेशने विचारलं, "बाबा, काय टाकलं होतंस त्यात?"

"काय न्हाय."

"मग आजच कसा गप्प झाला? सगळा गाव बोलतोय."

"तेलानं जाम झालेला. साफ केला."

"तेल कोणी घातलं?"

रुचिकाच्या हातातली पळी थांबली. बुधाजीने तिच्याकडे पाहिलं नाही, पण वाट पाहिली.

"बाबा, कालवण वाढू?" ती म्हणाली.

"वाढ," तो म्हणाला.

बाबाने परत काही टाकायला नको म्हणून शनिवारी हितेशने पडवीला कुलूप घातलं आणि बुधाजीची खाट वाडीतल्या पंपाच्या शेडमध्ये नेऊन टाकली. रविवारी समुद्राकडच्या खोलीत पुण्याचे पाहुणे उतरले. रात्री शांत झोप लागली, असं त्यांनी जाताना लिहिलं. गाव अजून नाण्यांचीच गोष्ट सांगतो.

बुधाजीने ड्रायरमध्ये काहीही टाकलं नव्हतं. तेल रुचिकाने घातलं होतं, आणि आवाज बुधाजीने बंद केला होता.