सुतकाचे पुढील दहा दिवस

सिहोऱ्याला माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, खुर्च्या, कढया, सगळं भाड्याने देतो. नागपूरला शिकणाऱ्या भाचीने हट्टाने माझी वेबसाइट बनवून दिली. एकच पान. मंडपाचे फोटो, फोन नंबर आणि दात काढून हसणारा मी.

"मामाजी, हे छापल्या पत्रिकेसारखं आहे," ती म्हणाली. "लिहिलं तसंच राहते. बदलवायचं असलं तर मले सांगा."

मी मान डोलावली. समजलं माझं कपाळ! लिंक मात्र साऱ्या गोतावळ्यात पाठवून दिली. पवनीच्या माझ्या जिवलग दोस्ताला सगळ्यात आधी. त्याची पोर जन्मली तेव्हाच मी शब्द दिला होता, हिच्या लग्नाचा मंडप माझा. त्यासाठी एक जरीची झालर वेगळी ठेवली होती. भल्याभल्यांनी मागितली, कोणाला लावू दिली नाही.

दिवाळीनंतर आंबागडचे चुलते वारले. नव्वदीचे होते, सोनं झालं म्हणायचं. भाची मयतीला आली होती. तिच्याकडून पानावर लिहून घेतलं: 'सुतकामुळे पुढील दहा दिवस काम बंद राहील.' तेरवी झाली, ती परत गेली, मी कामाला लागलो. सुतक आपोआप फिटतं, तशी सूचनाही फिटली असेल असं मी धरून चाललो.

लग्नसराई आली. गावातली कामं मिळाली, बाहेरगावचा एक फोन येईना. मी ऐटीत सांगत होतो, "लोकं वेबसाइट पाहून राहिले. निवांत ठरवतील."

फाल्गुनात दोस्ताच्या पोरीची पत्रिका मोबाइलवर आली. लग्न आठ दिवसांवर! लगेच फोन लावला.

"काहून बे, मंडपाचं काहून नाही सांगितलं?"

"दुसऱ्याले सांगितला गड्या," तो चाचरत बोलला. "तुह्या मंडपाचे फोटो पाहाले वेबसाइट उघडली, तं सुतक. पंधरा दिवसांनी पाह्यलं, तरी पुढचे दहा दिवस बंद. सुतकाच्या घरून मंडप कसा आणू? अन् तुले विचारून आणखी दुखवू कायले?"

मी पान उघडलं. चार महिने झाले तरी दहा दिवस पुढेच होते. भाचीने दोन मिनिटांत ती ओळ काढून टाकली. "मी सांगितलं होतं मामाजी," म्हणाली. हो बाई, सांगितलं होतं.

संध्याकाळी दोस्ताला पुन्हा फोन केला, सगळा घोळ सांगितला. तो पोट धरून हसला. मीही हसलो. आणि एकाएकी माझं डोकंच फिरलं.

"हसतो काय बे? दोनदा वाचलं माह्या घरी सुतक आहे म्हणून. माय गेली, बायको गेली का मीच गेलो, एक फोन करून विचारावं नाही वाटलं तुले?"

त्याचं हसणं थांबलं. मग तो हळूच बोलला, "पोरीचं लग्न जुळून सहा महिने झाले. तू तरी कवा फोन केला बे?"